आवाजाच्या मागे धावू नका, खोक्यांच्या मागे लागा

प्रश्न थोडक्यात असा. कोपरखैरण्याच्या एका सोसायटीतल्या ताईंनी विचारलंय. इमारत पाच मजली, तळमजल्यावर गाळे. त्यातल्या स्टेशनरीच्या गाळ्यात नवरात्रापासून फटाक्यांची खोकी येऊन पडतात. गाळ्यात मावेनाशी झाली की जिन्याखाली आणि मीटर रूमच्या दाराशी रचली जातात. दिवाळीत समोरच्या रस्त्यावर रात्री साडेबारा-एकपर्यंत हजाराच्या माळा आणि शॉट्स चालतात. ११२ ला फोन केला की बीट मार्शल वीसेक मिनिटांत येतात, तोवर मुलं पांगलेली असतात. चेअरमन म्हणतात, ‘चार दिवस सण आहे, एवढं काय मनावर घेता.’ घरात सासऱ्यांना दमा. यात बेकायदा नेमकं काय आहे, आणि तक्रार कुठे केली तर कोणी दखल घेईल?

ताई, माझी सत्तावीस वर्षं अग्निशमनात गेली, सुरुवातीची औद्योगिक पट्ट्यात आणि पुढची ठाण्यात. दिवाळीचा फराळ गरम असताना खाता येतो हे मला निवृत्तीनंतर कळलं. तुमचं पत्र वाचून वाटलं ते सरळ सांगतो. तुम्ही तक्रारीचं टोक चुकीचं धरलंय. तुम्ही आवाजाची तक्रार करताय, आणि आवाज फुटला की संपला. वीस मिनिटांनी आलेल्या शिपायाला दिसतो तो धूर आणि रस्त्यावरचा लाल कागद. तो पंचनामा कशाचा करणार? खोकी मात्र तीन-चार आठवडे एकाच जागी पडलेली असतात, दिवसाढवळ्या, गाळ्याच्या नंबरासकट. तो गुन्हा सिद्ध करायला सोपा आहे. आणि माणसं त्यानेच मरतात, आवाजाने नाही.

आधी तुमच्या गाळ्याचंच बघू. स्फोटक नियम २००८ मध्ये फटाक्यांच्या कायम दुकानासाठी अटी घातल्यात. दुकान तळमजल्यावर हवं, पण वरच्या मजल्यावर लोक राहत असतील तर तिथे चालत नाही. जिन्याच्या किंवा लिफ्टच्या खाली नको, जवळही नको. तळघर नको, पोटमाळाही नको. इमारतीच्या बाकी भागापासून भिंतींनी पूर्ण तोडलेलं हवं, त्याचा दरवाजा स्वतंत्र हवा, आणीबाणीत बाहेर पडायचा मार्ग वेगळा हवा. क्षेत्रफळ ९ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि २५ पेक्षा जास्त नको. तसाच माल किंवा दुसरा ज्वालाग्राही माल ठेवलेली जागा १५ मीटरच्या आत नको. आता तुमची इमारत डोळ्यांसमोर आणा. वर पाच मजले माणसं, शेजारच्या गाळ्यात काय असेल ते असो, आणि खोकी जिन्याखाली. या गाळ्याला परवाना मिळूच शकत नाही. म्हणजे तो आहे का, हे शोधायच्या भानगडीत पडायचीही तुम्हाला गरज नाही. ‘आमच्याकडे लायसन आहे’ असं दुकानदार म्हणाला तर ते दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्याचं असणार. परवाना माणसाला मिळत असला तरी तो जागेशी बांधलेला असतो. एका जागेच्या परवान्यावर दुसरीकडे माल ठेवणं म्हणजे विनापरवानाच.

घरच्या पोरांसाठी आणलेल्या दोन पिशव्या ही वेगळी गोष्ट. त्यावरून कोणाशी भांडू नका.

जिन्याखालच्या खोक्यांना मी का घाबरतो ते सांगतो. ठाण्याच्या जुन्या भागातली चार मजली इमारत. लक्ष्मीपूजनाची रात्र, पावणेअकराची वर्दी, ‘मीटर बॉक्सला आग’. गल्लीच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या, गाडी तोंडाशीच अडली. पाण्याचा होज पाइप खांद्यावर टाकून आत पळालो. जवळ पोचलो तर झाकणबंद पातेल्यात लाह्या फुटाव्यात तसा आवाज, मधूनच एखादा दणका. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मीटर असे फुटत नाहीत. खालच्या दुकानदाराने ‘दोन दिवसांपुरती’ ठेवलेली दहा-बारा खोकी जिन्याखाली होती. त्यावर मीटर बोर्ड. सणाच्या रोषणाईने भार वाढलेला, एका सैल जोडणीतून ठिणगी पडली, एवढंच.

ज्वाळा फार नव्हती. धूर होता. फटाक्यांचा धूर पांढरट-पिवळा, गंधकाचा. घशाला लागला की धट्टाकट्टा माणूसही कमरेत वाकतो. आणि चार मजल्यांचा बंदिस्त जिना म्हणजे उभं धुराडं. खाली पेटलं की पहिल्या मिनिटातच वरच्या मजल्यावर काळोख. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई मुलाला कडेवर घेऊन खाली यायला निघाली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती श्वास कोंडून खाली बसली. माझ्या लीडिंग फायरमनच्या बुटाला तिचा हात लागला म्हणून ती सापडली, दिसली म्हणून नाही. दोघंही वाचली. आग विझवायला आम्हाला दहा मिनिटंही लागली नसतील, जिन्यातला धूर निघायला पाऊण तास गेला. नंतर टॉर्च मारून पाहिलं तर मीटरचं प्लॅस्टिक पाकासारखं ओघळून थिजलं होतं, आणि तळाच्या एका भिजक्या खोक्यात रॉकेटच्या काड्या नव्याकोऱ्या, एका रांगेत.

दुकानदार भला माणूस होता. हात जोडून म्हणाला, ‘साहेब, दरवर्षी ठेवतो, कधी काही झालं नाही.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या नातवालाही पाठ झालंय.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. लाकूड-कापडाची छोटी आग हवा तोडूनही विझवता येते. घोंगडी टाका, सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर मारा. फटाक्याच्या दारूत हे चालत नाही, कारण पोटॅशियम नायट्रेटसारखा ऑक्सिजन पुरवणारा क्षार आतच मिसळलेला असतो. ती घोंगडीखालीही जळते. भरपूर पाणी लागतं, तेही लांबून. आणि मीटर बोर्ड जवळ असेल तर आधी वीज तोडावी लागते, नाहीतर पाणी मारणाराच जायचा. म्हणून वॉचमनच्या हातात एक छोटा लाल सिलिंडर देऊन निर्धास्त होऊ नका. अशी आग कधी लागलीच तर वरच्या मजल्यावरच्यांनी धुराच्या जिन्यात पाऊल टाकायचं नाही. दार लावायचं, फटीला ओला टॉवेल कोंबायचा, खिडकीत किंवा गॅलरीत उभं राहायचं आणि १०१ ला फोन करून आपला मजला आणि माणसं किती ते सांगायचं. कोपरखैरणे-घणसोलीकडच्या माथाडी वसाहतींत तर बैठी घरं आता तीन-तीन मजली झालीत आणि मधली गल्ली पूर्वीएवढीच. तिथे गाडी आत शिरायची वाट बघू नका, आम्ही येईपर्यंतची पाच-दहा मिनिटं तुमचीच.

आता माल. फटाका म्हणजे सरसकट बेकायदा, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात देशभरासाठी चौकट आखून दिली: कमी प्रदूषण करणारे, म्हणजे हल्ली ज्यांना ‘ग्रीन’ म्हणतात ते फटाके, परवानाधारक विक्रेत्याकडूनच. जोडलेल्या फटाक्यांवर, म्हणजे माळांवर बंदी. बेरियमचे क्षार वापरायला बंदी. ऑनलाइन विक्रीला बंदी. दिवाळीत वाजवायची वेळ रात्री ८ ते १०. ज्या हद्दीत हे मोडलं जाईल तिथल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरू, असंही त्यात म्हटलंय. २९ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाने बेरियम आणि माळांचं पुन्हा बजावलं. मुंबई उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत आपल्याकडे वेळ ८ ते १० वर आणली होती. आवाजाचा नियम त्याहून जुना, १९९९ चा. फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचाच नाही, विकायचाही नाही. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद, हे तर २००५ पासून आहे. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असतं, तिथे दिवसाही नाही.

म्हणजे तुमच्या समोरच्या रस्त्यावरची हजाराची माळ रात्री साडेबारालाच नाही, संध्याकाळी साडेआठलाही बेकायदा आहे. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बाजारात उघड मिळते म्हणून लोकांना ती रीतसर वाटते.

‘ग्रीन’ शब्दाने फसू नका. नागपूरच्या नीरी संस्थेने बनवलेल्या या सूत्रांत हवेत उडणारे कण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. उरलेले सत्तर टक्के तुमच्या सासऱ्यांच्या छातीत जायचेच. आणि गॅलरीतला पडदा पेटवायला ग्रीन रॉकेट अजिबात कमी पडत नाही. ग्रीन फटाक्यांचं खोकं ओळखायला त्यावर नीरीचं हिरवं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड असतो. कोड छापलेला असणं वेगळं आणि तो उघडून उत्पादकाची माहिती दिसणं वेगळं. स्कॅन करून बघा. उत्पादकाचं नाव, पत्ता (बहुधा शिवकाशी किंवा आसपासचा) आणि परवाना क्रमांक खोक्यावर हवा. यातलं काहीच नाही, नुसतं देवीचं किंवा सिंहाचं चित्र आणि किंमत, तर तो माल दाराबाहेरच ठेवा.

सगळ्यात वाईट दोन प्रकार. एक, बिननावाचा गावठी सुतळी बॉम्ब. सुतळी किती गुंडाळली आणि आत दारू किती ठासली, हे भरणाऱ्याच्या हातावर. वात पेटवून दोन पावलं जाईस्तोवर फुटलेले मी पाहिलेत. दुसरा, चोरवाटेने आलेला चिनी माल. क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेलं मिश्रण आपल्या देशात जानेवारी १९९२ पासून बंद आहे, कारण ते घासल्याने, आपटल्याने, कधी नुसतं दमट जागी पडून राहिल्यानेही पेट घेतं. बाहेरच्या स्वस्त मालात ते असू शकतं. आपली ऑक्टोबरची हवा, परतीचा पाऊस आणि जिन्याखालची ओल, यात असलं खोकं महिनाभर ठेवणं म्हणजे काय ते तुम्हीच ताडा. आणि हे फार लांबचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात डीआरआयने, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाने, चीनहून आलेला ४० फुटी कंटेनर उघडला. कागदोपत्री आत लेगिंग्ज होत्या. पुढे लेगिंग्जचा एक थर निघालाही, त्याच्या मागे ४६,६४० नग फटाके. उरणहून तुमच्याकडे यायला तासभर लागतो.

जरा विषयांतर. ओलीचं निघालं म्हणून आठवलं. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत वसुबारसेला पत्र्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून आम्ही गेल्या वर्षीचे उरलेले फटाके वाळवायचो. लवंगीची माळ सोडून एक-एक सुटी करायची, म्हणजे चार आण्यांत दोन दिवस पुरायची. तापलेल्या पत्र्यावर दारू वाळवणारी आम्ही सगळी पोरं हातापायांनी धड राहिलो हा केवळ नशिबाचा भाग. नरकचतुर्दशीला अंघोळ करून कारेटं फोडलं की पहिला फटाका आपला लागला पाहिजे म्हणून साडेचारला उठायचो. म्हणून मुलांवर मी दात-ओठ खात नाही. पण पहाटे सहाच्या आधीचा तो पहिला फटाकाही आज नियमात बसत नाही, हे माझ्याच सोसायटीत सांगताना माझी जीभ अडखळते.

उघड्यावरच्या स्टॉलचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या सेक्टरमध्ये तेही लागत असतील. तात्पुरत्या स्टॉलची शेड न जळणाऱ्या साहित्याची हवी. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर, आणि राहत्या इमारती वगैरेंपासून ५० मीटर अंतर. शेडची तोंडं समोरासमोर नकोत. एका जागी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत. लोंबत्या वायरवर दिवा नको. ५० मीटरच्या आत फटाका वाजवायचा नाही. हे नियम कागदी वाटतात, पण २९ ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार भरदिवसा पेटला तेव्हा शंभराहून अधिक स्टॉल जळून गेले. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये आग जायला वेळ लागत नाही. ५० मीटर म्हणजे साधारण पासष्ट-सत्तर पावलं. संध्याकाळी भाजी आणायला जाताना मोजा. फुटपाथवर टेबल मांडून, वर कापडी मंडप आणि लोंबता बल्ब, असा स्टॉल दिसला की समजा कोणीही ना-हरकत दिलेली नाही, किंवा दिली असेल तर जागा न बघता.

आता तक्रार. हा भाग नीट वाचा.

पहिलं म्हणजे वेळ. कोजागरीच्या आत पत्र गेलं पाहिजे. वसुबारस उजाडली की पोलिसांना बंदोबस्तातून मान वर काढता येत नाही, आणि आमच्या लोकांना एका वर्दीवरून दुसरीवर. दुसरं, पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर असू द्या. तुमच्या एकटीच्या नावावर नको. ‘शेजाऱ्याच्या पोटावर पाय दिला’ हे बोलणं एका घरावर येऊ नये. चेअरमन तयार नसतील तर विषय बदला. सण, आवाज, प्रदूषण काही काढू नका. त्यांना विचारा की सोसायटीचा आगीचा विमा आहे ना, उद्या जिन्यात काही झालं तर सर्व्हेअर पहिला प्रश्न काय विचारेल? सामाईक जागेत स्फोटक माल ठेवू दिला, हे समितीच्या कोणाच्या सहीने? सोसायटीच्या आदर्श उपविधींतही ज्वालाग्राही माल साठवायला मनाई आहे. सणाच्या नावाने न हललेले चेअरमन या प्रश्नांनी हललेले मी बघितलेत.

पत्र ‘फटाक्यांचा फार त्रास होतो, कृपया कारवाई व्हावी’ असं लिहू नका. त्यात करण्यासारखं काही नसतं म्हणून ते फाइलला लागतं. असं लिहा: ‘आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील गाळा क्रमांक अमुक येथे, तसेच सामाईक जिन्याखाली व विद्युत मीटर कक्षाच्या दाराशी, विक्रीसाठी आणलेल्या फटाक्यांची अंदाजे इतकी खोकी दिनांक अमुकपासून ठेवलेली आहेत. वरील पाच मजल्यांवर इतकी कुटुंबे राहतात. बाहेर पडण्यास हा एकच जिना आहे. दर्शनी भागात परवाना लावलेला दिसत नाही. स्फोटक नियम २००८ नुसार जागेची तपासणी करून साठा हलवण्यात यावा.’ बस. सोबत तीन फोटो. एकात खोकी आणि गाळ्याचा नंबर एकत्र, एकात खोकी आणि मीटर एकत्र, एकात खोक्यावरचा छापील मजकूर. खोकी स्वतः उचलून बाहेर ठेवायची, पाणी ओतायचं, असलं काही करू नका. मालही तुमच्यावर शेकेल आणि भांडणही.

हे पत्र द्यायचं कुठे? ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय असल्यामुळे फटाका दुकानांचे परवाने त्यांच्याकडून निघतात. म्हणून मूळ पत्र पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना आणि प्रत आयुक्तालयाच्या परवाना शाखेला. एक प्रत महापालिकेच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना, एक विभाग कार्यालयाला (ठाणेकरांनी प्रभाग समितीला). आणि एक प्रत पेसोला. पेसो म्हणजे स्फोटकांचं नियमन करणारी केंद्राची संस्था. मुख्यालय नागपूरला असलं तरी पश्चिम विभागाचं कार्यालय तुमच्याच शहरात, सीबीडी बेलापूरला आहे. लोक तिथे जात नाहीत, कारण असं काही असतं हेच माहीत नसतं. पेसोला प्रत गेलेली दिसली की बाकीचे तुमचं पत्र दोनदा वाचतात. एवढ्या वर्षांचा अनुभव आहे.

पत्र दिल्यावर पोलीस आले आणि साठा जप्त झाला तर गुन्हा स्फोटक अधिनियम १८८४ च्या कलम ९-ब खाली दाखल होतो. विनापरवाना बाळगणं-विकणं याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८८, स्फोटक पदार्थाबाबतचा निष्काळजीपणा, हेही लागतं. दंडाचे आकडे बघून हसू येतं, मलाही येतं. पण दुकानदाराला दंडाची भीती नसतेच. ऐन हंगामात माल जप्त होतो, त्याला तो घाबरतो. बऱ्याचदा पोलीस आत येण्याआधी, पत्राचा सुगावा लागताच रातोरात खोकी हलतात. कारवाई झाली नाही म्हणून हळहळू नका. तुमचा जिना मोकळा झाला. फक्त ती कुठे गेली हे बघा. शेजारच्या विंगच्या पार्किंगमध्ये, चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरशेजारी गेली असतील तर पत्र पुन्हा.

आणि पुढच्या वर्षासाठी एक. गणपती गेले की माहिती अधिकारात अर्ज टाकून ठेवा: अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत फटाके विक्रीचे किती परवाने दिले, कोणत्या पत्त्यांवर. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या यादीत तुमचा गाळा नसला की पुढचं सगळं सोपं.

रात्रीच्या आवाजाचं काही करूच नका, असं मी म्हणत नाही. ११२ ला फोन जरूर करा, पण दहा वाजून पाच मिनिटांनी, मुलं जमत असताना. साडेबाराला फोन केला की सगळं उरकलेलं असतं. फोनवर ‘माळ लावतायत, सोसायटीचं आधीचं पत्र आहे, आवक क्रमांक अमुक’ असं सांगा. मोबाइलच्या डेसिबल ॲपचे आकडे कोणी पुरावा म्हणून धरत नाही, त्यात वेळ घालवू नका. गॅलरीतून व्हिडिओ घ्या, त्यात ओळखीची पाटी किंवा दुकान दिसू द्या, मुलांचे चेहरे ग्रुपवर फिरवू नका. आणि सकाळी साडेसहाला, सफाई कामगार यायच्या आत, खाली उतरा. तिथे खरा पुरावा पडलेला असतो. माळेचा लाल कागद, शॉट्सचा रिकामा पुठ्ठा, सुतळीचे तुकडे, खोक्यांची झाकणं. झाकणावर नाव आहे का, क्यूआर आहे का, याचे फोटो काढा. न फुटलेला फटाका दिसला तर हात लावू नका, वाकून बघूही नका. वॉचमनला सांगून लांबून बादलीभर पाणी ओतायचं आणि भिजत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी विझलेले फटाके वेचणाऱ्या लहान मुलांची बोटं जातात, हे मी सांगायला नको.

मुलांशी बोलायचं असेल तर चेअरमनला पाठवू नका, कोणी ऐकणार नाही. ज्याला ती ‘दादा’ म्हणतात असा कोणी मंडळाचा पोरगा शोधा. त्याला एवढंच सांगायचं: मैदानात, आठ ते दहा, माळ नाही. एका सोसायटीत आम्ही हे केलं तेव्हा तिसऱ्या वर्षी जमलं. पहिल्या दोन वर्षी दादाच माळ लावत होता.

तुमच्या स्वतःच्या गॅलरीकडेही बघा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी रॉकेटच्या एका ठिणगीने वितळत जाते आणि तिचे जळते थेंब खालच्या गॅलरीत पडतात. ती चार दिवस काढता आली तर काढा. पावसाळ्यातलं प्लॅस्टिक, वाळत घातलेले कपडे, रद्दी आत घ्या. कोणी भाजलंच तर नळाखाली साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. डोळ्याला लागलं तर चोळू नका, वर कागदी कप अलगद धरून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मोठं भाजलं असेल तर १०८. ऐरोलीत भाजलेल्या रुग्णांसाठीचं खास इस्पितळ, नॅशनल बर्न्स सेंटर आहे. त्याचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.

सासऱ्यांची झोपायची खोली रस्त्याकडे असेल तर त्यांना चार दिवस मागच्या खोलीत हलवा. आठच्या आत खिडक्या बंद करा, आणि दहा वाजले म्हणून लगेच उघडू नका, धूर खाली बसायला वेळ लागतो. त्यांचा दम्याचा पंप भरलेला आहे का ते धनत्रयोदशीला नको, आजच बघा. त्या दिवसांत औषधांच्या दुकानात फार गर्दी असते.